भांगाचा रविवार

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच्या हिवाळ्यात आमच्या नवापूरचा कबड्डीचा संघ चारपैकी चार सामने हरला. हरण्याचं मला फारसं काही वाटत नव्हतं. कुणीतरी हरायचंच. पण आमचा संघ मैदानात सात जण उभे का करू शकत नव्हता, हे मला कळतच नव्हतं. गावात होड्या पंचेचाळीस. एका होडीवर तरणी पोरं म्हटली तरी चार. मग सात का मिळू नयेत?

मी एकही सामना चुकवत नसे. लहानपणी चिंचणीला शाळेच्या कुंपणावर बसून कबड्डी बघायची सवय लागली, ती लग्नानंतरही सुटली नाही. रविवारी माझं अळणी असतं, त्यामुळे स्वयंपाकाचा फार खटाटोप नसायचा. चार वाजता मी जाऊबाईंना, म्हणजे मंजुळेला, घेऊन मैदानावर जायची. तिथे बघणारे किती असत? डिसेंबरातल्या पहिल्या सामन्याला मी मोजले, अकरा. त्यातले तिघे एसटीची वाट बघत होते. एसटी आली तसे तेही गेले.

खेळणाऱ्यांची तऱ्हा त्याहून वेगळी. माझा दीर जानू चढाईला गेला की समोरचे दोन पावलं मागे सरत. पण जानू असला तर. तो नसला की एकनाथमामा चढाईला जात. एकनाथमामा म्हणजे आमच्या ह्यांचे सख्खे मामा, वय बेचाळीस, उजवा गुडघा होडीच्या वल्ह्याखाली सापडून कायमचा अधू झालेला. संघ त्यांनीच उभा केला होता. मैदानातले दगडही त्यांनीच दोन उन्हाळे वेचून काढले होते. ते चढाईला निघाले की मी पदराआड डोळे मिटून घेई. समोरचे त्यांना अलगद धरून खाली बसवत, घरच्या म्हाताऱ्याला बसवावं तसे. त्याचं मला जास्त वाईट वाटे.

दुसऱ्या सामन्याला आमचे सहाच भरले. चौथ्याला पाच. तालुक्याच्या स्पर्धेचा नियम होता, तीन वेळा सातांहून कमी आले की संघ बाद. म्हणजे आता एकदाच उरलं होतं.

आणि संघ बाद झाला की मैदान जाणार होतं. गावच्या बैठकीत तसं ठरलंच होतं. मैदान किनाऱ्याला लागून, दिवसभर ऊन-वारा खेळणारं. बोंबील सुकवायला त्याच्याइतकी चांगली जागा गावात दुसरी नाही. यंदा संघ टिकला तर मैदान, नाहीतर तिथे वलांड्या, म्हणजे बोंबील टांगायच्या बांबूच्या चौकटी, उभ्या करायच्या. बायकांची तर घाईच चालली होती. मंजुळा मला सामना बघता बघता म्हणाली होती, “जाऊबाय, हितं आपल्या दोन वलांड्या वाढतील. जानूला काय, तो कुठंबी उड्या मारंल.”

नवऱ्याचा खेळ आणि बोंबलाची वलांडी यांत तिचं मन वलांडीकडे होतं. मला तिचा रागही येत नव्हता. बोंबील माझ्याही घरी सुकवायचे होतेच.

गावात ज्याला विचारावं तो पोरांना नावं ठेवी. पोरं आळशी झाली, बोईसरला सिनेमाला जातात, कारखान्यात लागली की त्यांना गाव नको वाटतं. एकनाथमामा म्हणत, मी घरोघर जाऊन सांगतो, सगळे हो म्हणतात, आणि रविवारी चार वाजता कुणी नाही. आमचे हे होडीचे तांडेल, म्हणजे म्होरके. जानू त्यांच्याच होडीवर. जानूला सामन्याला सोडा म्हटलं तर ते म्हणत, दर्या सामन्याच्या शिट्टीवर चालत नाय.

चौथ्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. सोमवारी दिवेलागणीपर्यंत माझं मौन असतं. बोलायचं नसलं की डोळे जास्त चालतात. भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढची चतुर्थी बघायला मी गेले, आणि मला माझीच अक्षरं दिसली. सामन्याला किती माणसं आली ते मी त्या-त्या रविवारच्या चौकटीत पेन्सिलीने लिहीत आले होते, का ते माहीत नाही. सवय म्हणून. पहिल्या रविवारी अकरा. दुसऱ्या सामन्याला आठ. चौथ्याला सहा, त्यात आम्ही दोघी. पण तिसऱ्या सामन्याला सत्तर.

तो तिसरा सामना मला आठवला. त्या दिवशी आमचे नऊ जण आले होते, दोघे बाहेर बसवावे लागले. जानू खेळला, फक्त एका गुणाने आम्ही हरलो. लोक म्हणाले, त्या दिवशी देव पावला. देव त्याच रविवारी कसा पावला, बाकीच्या तीन रविवारी का नाही, हे मला कोडंच पडलं.

मी एकेका तारखेखालची तिथी वाचली. पहिला सामना वद्य प्रतिपदेला. दुसरा शुद्ध प्रतिपदेला. चौथा, म्हणजे कालचा, अमावस्येला. तिसरा खरं तर पौर्णिमेला होणार होता. पण समोरच्या संघाच्या गावात मयत झाली म्हणून तो आठवडाभर पुढे गेला होता. तो झाला वद्य सप्तमीला.

सप्तमी, म्हणजे भांग.

आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही हे ठाऊक असतं. पुनव आणि अवस यांच्या आगेमागे दर्याला उधाण असतं, पाण्याला ओढ असते, डोल जाळ्यात तेव्हाच मासळी शिरते. तेव्हा गावात बाप्या माणूस औषधाला मिळत नाही. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास पाणी सुस्तावतं. तो भांग. होड्या किनाऱ्याला, जाळी वाळत, माणसं घरी. लग्नाची बोलणी, घराची डागडुजी, भांडणं, सगळं आम्ही भांगाला करतो. आणि कबड्डीचे सामने नेमके उधाणाला ठेवले होते. एक रविवार सोडून एक रविवार, असे सगळे पुनवेला आणि अवसेला चिकटलेले. मधले सोडलेले रविवार सगळे भांगाचे.

पुढचा आणि आमचा शेवटचा सामना सफाळ्याच्या संघाशी होता. त्याची तिथी बघितली, शुद्ध त्रयोदशी. पुन्हा उधाण. त्या दिवशी पाचसुद्धा भरले नसते.

संध्याकाळी दिवा लावला, हात जोडले, आणि आधी मामांकडे गेले. ते बोईसरला एका कारखान्यात राखणदार होते, नुकतेच पाळीवरून येऊन पाय शेकत बसले होते. मी कॅलेंडरच खिळ्यावरून काढून नेलं होतं. त्यांच्यासमोर ठेवलं, चार चौकटी दाखवल्या.

त्यांनी एकेक तिथी बोट ठेवून वाचली. मग त्यांनी विचारलं, सामन्यांचे रविवार कुणी ठरवले ते माहीत आहे का? मला माहीत नव्हतं.

“मीच,” ते म्हणाले. “बन्सी मास्तरनं स्पर्धेच्या सभेत इचारलं, हा रविवार धरू का पुढचा? पुढच्याला माजी पाळी व्हती. मी बोललो, हाच धरा.”

मला तेव्हा समजलं. गुडघा गेल्यापासून सहा वर्षं मामा होडीवर चढले नव्हते. कारखान्यात वार असतो, पाळी असते. तिथीशी त्यांची गाठच पडत नव्हती. जन्मभर जे अंगात होतं ते सहा वर्षांत कधी निघून गेलं, त्यांनाही कळलं नाही. आणि जे होडीवर होते ते तिथी जगत होते, त्यांना सामन्याची तारीख कळायची ती किनाऱ्याला आल्यावर.

“मी गेले दोन म्हयने पोरांना शिव्या घालतोय, जमना,” ते म्हणाले.

मी म्हटलं, “मामा, अजून एक रविवार आहे. येणारा. षष्ठी आहे, भांग लागलेला असेल.”

“त्या दिवशी माजी पाळी.”

“मग पाळी बदला.”

मी मोठ्यांना असं कधी बोलत नाही. पण ते हसले.

बुधवारी मी, मामा आणि मंजुळा बोईसरहून गाडीने सफाळ्याला गेलो. बन्सी मास्तर तिथल्या शाळेत कवायत शिकवत आणि स्पर्धेचं सगळं बघत. छापलेलं वेळापत्रक बदलता येत नाही, असं त्यांनी आधी दोनदा सांगितलं. मग कॅलेंडर बघितलं. मग खुर्ची पुढे ओढून परत बघितलं. त्यांचा जन्म भातशेतीवाल्यांत गेलेला, त्यांना भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते एवढंच ठाऊक. पंधरवड्याचीही काही लय असते हे त्यांना नवं होतं. त्यांनी मला इतके प्रश्न विचारले की शाळेची घंटा झाली तरी ते उठेनात. चतुर्थीला काय असतं? दशमीला होडी परत कधी सुटते? पावसाळ्यातही असंच का? मी हळू आवाजात उत्तरं देत गेले. शेवटी ते म्हणाले, सफाळ्याचे पुंडलिकशेठ हो म्हणाले तर मी तारीख बदलतो.

पुंडलिक म्हणजे त्यांच्या संघाचा कप्तान, तांदळाच्या गिरणीवर असायचा. त्याला काही अडचण दिसली नाही. म्हणाला, आमचं भात कधीच झोडून झालंय, आम्हाला हा रविवार काय नि तो काय.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. मला वाटलं चिडतील. ते जाळं शिवत होते. सुई न थांबवता म्हणाले, “भांगाला मी कदी अडवलंय? भांगाला दर्याच माणसाला सोडतो.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, “आदी नाय का सांगायचं.”

आधी मलाही माहीत नव्हतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

सोमवारी रथसप्तमी होती, आणि माझं हळदीकुंकू राहिलं होतं. मी सगळ्यांना रविवारी चार वाजता मैदानावरच बोलावलं. वाण म्हणून सुपारीएवढे तिळगूळ आणि एकेक चाळण. मंजुळा म्हणाली, मैदानात कुणी हळदीकुंकू करतं का? मी म्हटलं, ऊन चांगलं आहे. बायका आल्या. मागोमाग घरातली बाप्ये माणसंही आली, कारण होड्या वाळूवर होत्या आणि त्यांना दुसरं काम नव्हतं. मी शंभरापर्यंत मोजलं आणि सोडून दिलं.

आमचे दहा जण आले. जानू तर दुपारपासूनच येऊन बसला होता. मामांना खेळायची गरजच उरली नव्हती. ते रेषेबाहेर, धुतलेला सदरा घालून, हाताची घडी घालून उभे होते. मी त्यांना असं रिकामं उभं कधी बघितलं नव्हतं.

सफाळ्याचे आले ते सहाच.

पुंडलिकच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्याच्या संघात तिघे सख्खे भाऊ, त्यांच्या मावसभावाचं लग्न त्याच रविवारी निघालं. वऱ्हाडात गेले. मूळच्या रविवारी मुहूर्तच नव्हता, त्या दिवशी ते आले असते. लग्नाचा दिवस नवरीकडच्यांनी शुक्रवारी कळवला, म्हणून बुधवारी त्याला अडचण दिसली नव्हती.

बन्सी मास्तरांनी वही उघडली. नियम सर्वांना सारखाच, ते म्हणाले, सहा म्हणजे सहाच लिहावे लागतील. सफाळ्याची ही दुसरी वेळ होती. मागे बसलेल्या आमच्या काही बायका खूश झाल्या. कुणीतरी म्हणालंच, बरं झालं, आता त्यांना कळंल. पण ती तारीख मी मागून घेतली होती.

मामा रेषा ओलांडून आत गेले. लंगडत पुंडलिकपाशी गेले आणि सदऱ्याच्या गुंड्या सोडायला लागले.

“तारीक आमी बदलली,” ते म्हणाले. “पोरं तुमची गेली. मास्तर, सातवा लिवा.”

मास्तरांनी वहीवरून मान वर केली. हे नियमात कुठं बसतं, असं त्यांनी विचारलं. मामा म्हणाले, नियमात सात माणसं लिहिलीत, कुठली ते लिहिलेलं नाही. मास्तरांनी नियमांचं पान उलटून पाहिलं. मग त्यांनी पेन्सिल ओली केली आणि लिहिलं.

जानू आमच्या बाजूने ओरडला, “मामा, तुमाला धरू का सोडू?”

“धर. पन गुडगा सांबाळ.”

सामना रंगला. बायकांनी हळदीकुंकवाचं तबक बाजूला सरकवून ठेवलं. मंजुळा जानूच्या प्रत्येक चढाईला माझा दंड दाबत होती, मला दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. शेवटची दोन मिनिटं उरली तेव्हा गुण बरोबरीत होते आणि पुंडलिकने चढाईला मामांना पाठवलं. का पाठवलं, देव जाणे. बहुतेक दुसरा दमला होता.

आमच्या पोरांनी मामांना, इतर संघ धरत तसं, अलगद धरायचं ठरवलं असणार. जानू हसत हसत पुढे झाला, हात लांबवून. मामांनी दुखरा पाय मागे ठेवला, डावा हात टाकला, जानूच्या खांद्याला बोट लावलं आणि उलटे वळले. रेषेपाशी ते पडलेच. पण पडले ते रेषा ओलांडून.

त्या हंगामातला मामांचा तो पहिला गुण. तो आमच्या विरुद्ध गेला आणि आम्ही एका गुणाने हरलो.

मग आमचेच लोक हसायला लागले, आणि हसता हसता टाळ्या वाजवायला लागले. मास्तरांनी दोन्ही बाजूंना सात लिहिले आणि वही मिटली. मामा वाळूत बसून गुडघा चोळत होते, जानू त्यांच्यासमोर उकिडवा बसून विचारत होता, हा डाव आमाला कदी शिकवला नाय तुमी?

मंजुळा तबक उचलायला वाकली. मैदानाच्या कडेने नजर फिरवत ती म्हणाली, “वलांड्या पलीकडं, खाजणाच्या बाजूला बी उभ्या राहतील की. हवा तितं बी हाय.”

पुंडलिक घाम पुसत पाणी प्यायला आला होता, त्याला मी तांब्या दिला आणि विचारलं, तुमच्याकडे लग्नाच्या तिथी कोण काढतं, आणि त्या साधारण किती आधी कळतात?