भिजवलेलं कापड

मास्तरांच्या हातून आयुष्यात एकही कपडा आखूड गेला नाही, आणि त्याचं कारण मास्तर कुणी न विचारताच सांगत. नवं कापड आलं की आधी पाण्यात. कोमट पाणी, मूठभर मीठ, रात्रभर बादलीत. सकाळी पिळायचं, वाळवायचं, इस्त्री फिरवायची आणि मगच त्याला कात्री दाखवायची. हे वडिलांनी शिकवलेलं. वडीलही शिंपीच. ते म्हणायचे, "न भिजवलेलं कापड आणि न पारखलेला जावई, दोन्ही नंतर आकसतात." जावयाच्या बाबतीत म्हातारा चुकला. चांगला पारखून आणलेला जावईसुद्धा वेळ आली तेव्हा आकसलाच, आणि ताई एकटी पडली.

ताई ही मास्तरांची थोरली बहीण. ग्रंथालयात नोकरीला होती. सहा वर्षांपूर्वी तिचं डोकं दुखायला लागलं. शेजारी मोबाइल वाजला की कपाळावर घण बसल्यासारखं व्हायचं, वायफायच्या डबीजवळ बसलं की हाताची कातडी पोळायची, छाती धडधडायची. तीन डॉक्टर झाले. तिघांचं म्हणणं एकच : बाईंना त्रास होतो हे खरं, पण तो लहरींमुळेच होतो असं कुठल्या तपासणीत दिसत नाही. नवऱ्याने यातला शेवटचा अर्धा भाग तेवढा ऐकला आणि आपली बॅग भरली. मास्तरांना तरी नावाजायचं कशाला? तेही एकदा तिच्या तोंडावर म्हणाले होते, "ताई, नाटकं पुरे आता." म्हणून गेले आणि जन्मभराची जीभ पोळून घेतली.

ताईने मग दगडाच्या खाणीच्या वाटेवरची एक जुनी खोली धरली. भिंती हातभर जाड, आणि खाली उताराला असल्यामुळे मोबाइलची रेंज तिथवर पोचायचीच नाही. तिथे तिला बरं वाटायचं. आई दर रविवारी डबा घेऊन तिच्याकडे जायची. पुढे आईच्या गुडघ्यांनी संप केला, आणि तो उतार तिच्यासाठी डोंगर झाला. मायलेकींची भेट होऊन अडीच वर्षं झाली होती. मास्तर इकडची चिठ्ठी तिकडे नेत, तिकडची इकडे आणत. दोघींची अक्षरं एकसारखी, आणि दोघीही एकच लिहायच्या : मी बरी आहे, तू जेवत जा.

आणि मग आईचं हृदय थकलं. इस्पितळात न्यावं लागलं. प्रत्येक खाटेला एक टीं-टीं करणारं यंत्र, भिंतीवर वायफायच्या डब्या, आणि भेटायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात फोन. आई डोळे उघडायची ते एकच विचारायला, "ती आली का रे?"

डॉक्टरांनी मास्तरांना बाजूला घेऊन सांगितलं, "आठवडा धरा. जास्त नाही."

ताईसारख्यांसाठी लहरी अडवणारे झगे मिळतात, हे मास्तरांना ताईनेच सांगितलं होतं. पण ते तयार झगे म्हणजे त्यांच्या दुकानाच्या किमतीचे. मास्तर म्हणाले, झगाच ना? आपण शिंपी आहोत की कोण आहोत? त्यांनी यंत्रांच्या पेट्यांना अस्तर पुरवणारा एक व्यापारी शोधून काढला. त्याच्याकडे चांदीचा मुलामा दिलेल्या कापडाचे उरलेले तुकडे होते, आणि ते परवडत होते. व्यापाऱ्याने स्वतःचा फोन त्या कापडात चार घड्या घालून गुंडाळला आणि दुसऱ्या फोनवरून लावून दाखवला. मुका. मास्तरांचे डोळे भरून आले. व्यापाऱ्याने कापडाबरोबर एक कागद दिला. "हा तेवढा वाचून घ्या."

अडतीस वर्षं कापड हाताळणारा माणूस कापडाबद्दलचा कागद वाचेल होय? मास्तरांनी तो खिशात कोंबला, घरी आले आणि कापड बादलीत टाकलं. कोमट पाणी. मूठभर मीठ.

सकाळी पाणी राखाडी झालं होतं. खळ निघाली, असं म्हणत मास्तरांनी ते मोरीत ओतलं.

झगा मात्र असा उतरला की मास्तरांनी स्वतःच दोन पावलं मागे सरून पाहिला. पायघोळ, डोक्यावर टोपी, तोंडासमोर त्याच कापडाची विरळ जाळी, आणि घडी घातली की सदऱ्याएवढी, पिशवीत मावणारी. शिवण अशी बारीक की नखाला लागू नये. मग त्यांनी आपला फोन झग्यात गुंडाळला आणि दुकानातल्या जुन्या फोनवरून नंबर फिरवला.

झगा वाजू लागला.

त्यांनी आणखी चार घड्या घातल्या. पुन्हा वाजला. मास्तर मशीनच्या स्टुलावर बसले आणि खिशातला कागद काढून उलगडला. पहिलीच ओळ होती : हे कापड पाण्यात भिजवू नये, मिठाच्या पाण्यात तर अजिबात नाही. त्यांनी व्यापाऱ्याला फोन केला. दुसरा माल महिन्याने. आईकडे महिना नव्हता.

खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच मास्तर खाणीच्या वाटेला लागले. कुणाच्या गळ्यात वाईट काम मारायचं नाही, ही त्यांची सवय. पण आईचं कळल्यापासून झग्याची वाट पाहत ताई दारातच उभी होती. तिने पिशवी हातातून घेतली, झगा उलगडला, शिवणीवरून बोट फिरवलं.

"सुतळ्या, किती सुरेख शिवलायस रे!" लहानपणी मास्तर दोऱ्यासारखे बारीक होते. पोट सुटून पंधरा वर्षं झाली तरी ताईच्या लेखी ते सुतळ्याच.

"ताई, ऐक जरा..."

"थांब. आधी वर जाऊन येते."

"अगं, पण..."

ती चढ चढून गेलीसुद्धा. वर नाक्यावर मोबाइलचा मनोरा होता. त्या नाक्याला तिने पाच वर्षांत पाय लावला नव्हता. मास्तर खाली खोलीच्या पायरीवर बसले, आणि वरून आता किंकाळी येते की काय, म्हणून कान देऊन राहिले. अर्ध्या तासाने ताई परतली. जाळी वर केलेली, चेहरा ओलाचिंब.

"काही नाही झालं रे," ती म्हणाली. "मनोऱ्याखाली उभी राहिले, दुकानातून साबण घेतला. काही म्हणजे काही नाही. चल, आईकडे चल."

खोटं बोलायला मास्तरांची जीभ वळत नव्हती, आणि खरं बोलायला उचलत नव्हती. ते तिच्यामागून चालू लागले.

वॉर्डात लोकांनी वळून वळून पाहिलं. नर्सबाईंनी विचारलं, "हे काय घातलंय?" मास्तर म्हणाले, "थंडी वाजते तिला." ताई आईच्या खाटेवर बसली, यंत्रापासून हातभर अंतरावर. आईने डोळे उघडले, झग्याकडे पाहिलं.

"कोण गं बाई तू?"

"मी गं, आई."

"तोंड दाखव मग."

ताई घुटमळली. मग तिने जाळी उचलून मागे टाकली. आईने तिच्या गालाला हात लावला, हनुवटी चाचपली, आणि म्हणाली, "वाळलीस. जेवत नाहीस." दोघी हसल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. संध्याकाळपर्यंत ताई तिथून हलली नाही. दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. आईला तिने चमच्याने पेज भरवली, तिचे केस विंचरले. मास्तर दाराशी उभे राहून पाहत राहिले. एवढं सुख आणि एवढी भीती त्यांना एकाच वेळी कधी वाटली नव्हती. चौथ्या दिवशी दुपारी आई गेली, ताईचा हात हातात असताना.

पंधरा दिवसांनी ताई दुकानात आली, झगा घालून. चेहऱ्यावर दुःख होतं, पण कितीतरी वर्षांनी माणसात आल्याची टवटवीही होती. तिने पिशवीतून चार पत्रं काढली. तिच्यासारखीच चार माणसं होती, पत्रांतून ओळख झालेली. एका आजोबांना नातवाच्या शाळेत जायचं होतं. एक मुलगी तीन वर्षं घराबाहेर पडली नव्हती.

"यांच्यासाठीही शिव," ताई म्हणाली. "अगदी असाच. मी त्यांना लिहिलंय, माझा भाऊ शिवून देईल म्हणून."

मास्तरांनी पत्रं हातात घेतली. ती मुलगी त्यांच्या भरवशावर रस्त्यावर येणार होती. ताईच्या बाबतीत गिळून टाकलं ते गिळून टाकलं, पण हे घशाखाली उतरेना. नुसतं नवं कापड आणून गुपचूप न भिजवता शिवलं असतं तर भागलं असतं, हे त्यांना सुचलंसुद्धा नाही. पंधरा दिवस दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं : बादली, मीठ, राखाडी पाणी, वाजणारा झगा.

"त्या दिवशी सांगायलाच आलो होतो गं," ते म्हणाले. "तू आधीच चढून गेलीस."

ताई ऐकत राहिली. मग तिने टोपी काढली, झगा उतरवला आणि मशीनच्या पाटावर त्याची नीट घडी घालू लागली. घडी घालता घालता तिचे हात थांबले.

"म्हणजे मी वॉर्डात बसले होते ती साध्या कापडात?"

"हो."

"मग त्याआधीही आले असते, तर..." तिने बोटांवर काहीतरी मोजलं आणि सोडून दिलं. "अडीच वर्षं, सुतळ्या. आई घरी बसून होती, मी त्या खोलीत. चालत अर्धा तास."

समोरच्या दुकानात कुणाचा तरी फोन वाजला. ताईने कपाळ दोन्ही हातांनी गच्च धरलं, तिच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, आणि ती हळूहळू फरशीवर बसली. मास्तर धावत जाऊन दार लावून आले. स्वतःचा फोन बंद करून पेटीत टाकला आणि तिच्याशेजारी खाली बसले. यात नाटक कुठेच नव्हतं.

"खरंच दुखायचं रे," ताई म्हणाली. "मी मुद्दाम नाही राहिले तिच्यापासून लांब. खरंच दुखायचं."

"माहीत आहे गं, ताई."

"आईला माहीत होतं का रे?"

आईने काय ताडलं होतं, ते मास्तरांना कधीच कळलं नव्हतं. त्यांनी ताईचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं आणि ते "हो" म्हणाले.