आजाराचा रकाना

खोटं एका शब्दाचं होतं. ‘नाही.’ ते मी माझ्या हातानं, वन्संच्या फॉर्मवर, ‘आजार असल्यास’ या रकान्यात लिहिलं. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकून माझी कीव करायची की मला जोड्यानं मारायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी बसची कंडक्टर. बावीस वर्षं हलत्या बसमध्ये उभं राहून गुडघे आणि कंबर दोन्ही गेले. कंबरेसाठी म्हणून योगवर्गात गेले आणि तिथंच अडकले. शिकायला गेलेली बाई शिकवायचं म्हणायला लागली. डेपोच्या मॅनेजरनं लिहूनच दिलं होतं: शिक्षिकेचं प्रमाणपत्र आणा, डेपोतल्या लोकांचा सकाळचा वर्ग तुमचा, बसमधून सुटका. म्हणजे तो कागद मिळाला तर गुडघे वाचणार. नाही तर आहेच पुन्हा घंटी आणि ‘चला, पुढे सरका.’

पहिल्या परीक्षेत मी आपटले. आवाजामुळे. आम्हाला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, “तुम्ही लोकांना श्वास घ्यायला सांगताय की तिकीट?” घरी हे कळल्यावर वन्संना उकळ्या फुटल्या. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आमच्याकडेच असतात. म्हणाल्या, “मी म्हटलंच होतं. हिच्या आवाजानं मेलेलं माणूस उठून बसेल. ही कुणाला शांत करणार, कप्पाळ!”

वन्संचं आणि माझं असंच. घरात कुणाचं ऐकायचं नाही हा त्यांचा बाणा. भाऊ काही बोलला, भाची काही बोलली, की नुसती मान हलवायची, “हं हं” म्हणायचं आणि शेवटी करायचं ते स्वतःच्या मनाचं. माझ्याशी भांडायला मात्र एका शब्दावर तयार.

त्या टोमण्यानं मी पेटलेच. वर्षभर घासलं स्वतःला. पहाटे उठून स्वयंपाकघरात सतरंजी टाकून बसायचे. आधी आधी डोळे मिटले की बस दिसायची आणि मी मनात माणसं मोजायचे. अडतीस बसलेले, अकरा उभे, तो मागचा बिनतिकिटाचा. बाई म्हणायच्या, “मोजणं सोडा.” सोडा म्हणे! बावीस वर्षांची खोड अशी सुटते होय? पण दहाव्या महिन्यात एका पहाटे सुटली. आत जाणारा श्वास नाकात गार लागला, बाहेर येणारा कोमट, आणि तेवढंच उरलं. मी रडले, हो. सांगायला कसली लाज? त्यानंतर मला माझं शरीर कळायला लागलं. ते खरंच सुटतं तेव्हा पोट कसं हलतं, हात कसे जड होतात, अंगावरचा घाम कसा वाळून जातो. आवाजही खाली आला. इतका खाली की नवरा दोनदा म्हणाला, “बरं नाही का तुला?”

दुसरी परीक्षा हीच शेवटची. यात नापास झालं तर सगळा अभ्यासक्रम पुन्हा पहिल्यापासून. परीक्षेचा वर्ग घ्यायला प्रत्येकीनं आपली पाच माणसं आणायची, त्यांचे फॉर्म भरून द्यायचे, आणि कुणाला औषध चालू असलेला आजार असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडायची. चिठ्ठी नाही तर ते माणूस नाही. पाच नाहीत तर परीक्षा नाही.

माझे पाच ठरले होते. शेजारची शिंपीण, आमचा टपालवाला, कोपऱ्यावरचा न्हावी, शाळेतली कारकूनबाई आणि माझ्या बसचा ड्रायव्हर. आदल्या संध्याकाळी ड्रायव्हरची पाठ धरली. डॉक्टरचा दवाखाना बंद झालेला, सकाळी दहाला परीक्षा. अडला हरी, गाढवाचे पाय धरी. गेले वन्संकडे. मला वाटलं, आता चांगला तासभर ऐकवतील. पण म्हणाल्या, “येते की. त्यात काय?” आणि कपाटातून चांगला पंजाबी ड्रेस काढून बघायला लागल्या.

वन्संना नऊ वर्षं साखरेचा आजार आहे. सकाळी सातला गोळी घेतात आणि लगेच खातात. मला ठाऊक नव्हतं असं नाही. मी ‘नाही’ लिहिलं.

सगळ्यांना मी बजावलं होतं, फॉर्मवरही छापलं होतं, वर्गाआधी चार तास पोट रिकामं ठेवा. वन्संना तसं चालणार नव्हतं. पण परीक्षेच्या सकाळी मी तयारीसाठी पहाटेच घरातून निघाले होते; वन्सं मागाहून शिंपिणीबरोबर आल्या, तेव्हा जिन्यात सगळी मंडळी जमलेली, मोठ्यानं बोलले असते तर बिंग फुटलं असतं. म्हणून जिना चढता चढता त्यांच्या कानाशी लागून हळूच विचारलं, “तुम्ही खाऊन आलात ना? नसेल तर पिशवीत बिस्किटं आहेत, खाऊन घ्या.” त्यांनी मान हलवली. “हं हं.” माझा जीव भांड्यात पडला.

हॉल लांबट, लाकडी फरशीचा. एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात ब्लँकेटांची चळत. परीक्षक बाहेरून आलेले, सडपातळ, तीन पेनं खिशाला. बाई त्यांच्या शेजारी. मी माझ्या नव्या मऊ आवाजात सुरुवात केली आणि परीक्षकांनी मान डोलावली. आत कुठंतरी ढोल वाजला माझ्या.

पण वन्सं मागे पडत होत्या. मी हात वर घ्या म्हटलं की शिंपीण घ्यायची, तिच्याकडे बघून मग वन्सं. प्रत्येक वेळी. मला राग आला. म्हटलं, बघा, परीक्षेतसुद्धा माझं ऐकायचं नाही म्हणजे नाही. उभ्यानं वाकायचं आसन आलं तेव्हा त्यांचा हात थरथरताना दिसला. केसांच्या कडेला घाम. डोक्यावर पंखा गरगर फिरतोय आणि यांना घाम! साखर उतरली की काय?

वर्गात एकट्याला नाव घेऊन थांबवलं तर का थांबवलं ते सांगावं लागतं. मी शक्कल लढवली. सगळ्यांनाच म्हटलं, “ज्यांना थकवा वाटतो त्यांनी शांतपणे बसून घ्या.” न्हावी लबाड, पटकन बसला. वन्सं उभ्याच. मी त्यांच्याकडे बघून पुन्हा म्हटलं. त्यांनी शिंपिणीकडे पाहिलं, ती उभी होती, म्हणून त्याही उभ्या. देवा, काय हट्टी बाई आहे!

शेवटी शवासन आलं. दहा मिनिटं. सगळे आडवे, डोळे मिटलेले. शिकवणाऱ्यानं मात्र डोळे मिटायचे नाहीत, हा बाईंचा पहिला नियम. मी उभी राहून पाच देह बघत होते. न्हावी घोरायला लागलेला. टपालवाल्याच्या पापण्या फडफडतायत. वन्सं सगळ्यात निवांत.

परीक्षक बाईंकडे झुकून म्हणाले, “त्या कडेच्या बाई बघा. इतकं सैल सुटलेलं शरीर क्वचित दिसतं.” आणि त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. माझ्या बाजूनं लिहिलं, हे मला लांबूनही कळत होतं.

मी पोट बघितलं वन्संचं. हलत नव्हतं. श्वास वर, गळ्याखाली, भराभर चाललेला. वरच्या ओठावर घामाचे थेंब, आणि ते वाळत नव्हते, वाढत होते. करंगळी मधूनच उडत होती. मी वर्षभर रोज पहाटे स्वतःला सुटताना बघितलं होतं. हे सुटणं नव्हतं.

घड्याळात चार मिनिटं उरली होती.

आता खरं सांगते. मी ती मोजली. मोजणं सोडलेली मी, भिंतीवरच्या काट्याकडे बघत म्हणत होते, चारच तर मिनिटं आहेत. चार मिनिटांत काय होतंय? झोप लागली असेल. वय झालंय. तीन मिनिटं चाळीस. मग देऊ की बिस्किट. तीन मिनिटं वीस. माझे गुडघे, माझा कागद, माझी सुटका. तीन मिनिटं. तेवढ्यात वन्संची ती करंगळी थांबली.

मी धावले. खाली बसून मऊ आवाजात म्हटलं, “वन्सं.” काही नाही. कानाशी जाऊन पुन्हा म्हटलं. काही नाही. गाल बर्फासारखा गार.

मग माझा तो आवाज आला. बावीस वर्षांचा, भरल्या बसच्या मागच्या दारापर्यंत जाणारा.

“वन्संऽऽ! उठा! उठा म्हणते ना!”

टपालवाला ताडकन उठून बसला. कारकूनबाई किंचाळली. आरसासुद्धा हादरला असेल. आणि वन्संनी डोळे उघडले, माझ्याकडे परक्यासारखं बघितलं आणि म्हणाल्या, “स्टॉप आला का?”

“साखरपाणी आणा कुणीतरी! साखरेचा आजार आहे त्यांना, पोटात काही नाही!” मी ओरडले. परीक्षकांसमोर, बाईंसमोर, सगळ्यांसमोर. बाई धावतच गेल्या. वन्संना टेकवून बसवलं, घोट घोट पाजलं. दहा-पंधरा मिनिटांनी गालावर रंग आला आणि पहिलं वाक्य निघालं, “एवढं गोड कशाला केलंस?” तेव्हा कळलं, आता धोका नाही. पुढे बिस्किटांचा अख्खा पुडा संपवला वन्संनी.

परीक्षकांनी फॉर्म आमच्यापुढे धरून त्या रकान्यावर बोट ठेवलं. “इथं तर ‘नाही’ लिहिलंय.”

मी तोंड उघडायच्या आत वन्सं म्हणाल्या, “मीच सांगितलं तिला, मला काही आजार नाही म्हणून. तिला काय कळतंय माझ्या गोळ्यांमधलं? मगाशी शुद्ध जाता जाता मीच साखरेचं काहीतरी पुटपुटले असेन, ते ऐकून ओरडली ही.”

या बाईनं एवढ्या वर्षांत माझ्या भाजीला बरं म्हटलं नव्हतं.

परीक्षकांचा चेहरा सैल झाला. “विद्यार्थ्यानंच माहिती लपवली तर शिक्षकाला दोष देता येत नाही. तुमची नजर चांगली आहे. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.” त्यांनी पेनाचं टोपण काढलं. बाई माझ्याकडे बघून हसल्या.

गप्प बसायचं होतं फक्त. एवढंच. बोलायचं नाही, हे तर मी वर्षभर शिकत होते. पण डोळ्यांपुढे तो काटा होता. उद्या डेपोतला कुणी ड्रायव्हर माझ्यासमोर असाच आडवा झाला, तर मी पोट बघेन की घड्याळ?

“अक्षर माझं आहे,” मी म्हटलं. “मला माहीत होतं. त्या खोटं बोलतायत माझ्यासाठी. आणि मगाशी मला दिसलं होतं सगळं, तरी मी एक मिनिट थांबले.”

परीक्षकांनी टोपण पुन्हा लावलं, फॉर्म माझ्या हातात दिला. “पुढच्या वर्षी. पहिल्यापासून.” बाईंनी वन्संचं ब्लँकेट उचललं आणि घडी घालायला लागल्या.

घरी जाताना बसमध्ये वन्संना खिडकीशी बसवलं. त्या फणफणत होत्या. “जन्मात पहिल्यांदा तुझ्यासाठी खोटं बोलले, आणि तू त्यावर पाणी ओतलंस! कुठून हरिश्चंद्राचा अवतार आठवला तुला?”

“आणि तुम्ही?” मीही उसळले. पुढच्या सीटवरचा माणूस दचकला. “गोळी घेतलीत, मग खाल्लं का नाहीत? जिन्यात सांगितलं होतं की मी! मान हलवलीत!”

“कधी सांगितलंस?”

“कानात सांगितलं तुमच्या!”

वन्सं खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “कुठल्या?”

“काय कुठल्या?”

“कुठल्या कानात?”

मी आठवलं. “डाव्या.”

“तो गेलाय. झाली सहा-सात वर्षं. उजवा अर्धामुर्धा आहे.”

मान हलवणं, ते “हं हं,” शिंपिणीकडे बघून हात वर करणं. माझा तो नवा मऊ आवाज, ज्याच्यासाठी मी वर्षभर झिजले, त्यातला एक शब्द त्यांना ऐकू आला नव्हता. बसा म्हटलेलंसुद्धा.

“मग सांगितलं का नाहीत कुणाला?”

“विचारलं कुणी?” वन्सं म्हणाल्या. आणि माझ्या हातातला फॉर्म त्यांनी पुढे सरकवला. “पेन आहे?”

कंडक्टरच्या खिशाला पेन नसेल असं होत नाही. मी ‘नाही’वर काट मारली. साखर लिहिलं, नऊ वर्षं. डावा कान लिहिलं. वन्सं वाचत होत्या.

“पुढच्या वर्षी मी येणार आहे,” त्या म्हणाल्या. “डॉक्टरची चिठ्ठी घेऊन. पण एक सांगते, ते हळू बोलायचं खूळ वर्गात ठेव. घरात आणू नकोस.”

“का?”

“सगळे आपले पुटपुटतात. घरात मला तुझंच काय ते ऐकू येतं.”

मला रडू फुटलं आणि मी डोळे पुसलेही नाहीत. रकाना एवढासा, त्यात आता जागा उरली नव्हती. मी फॉर्म उलटा केला, मांडीवर ठेवला आणि त्यांच्या उजव्या बाजूला वाकून मोठ्यानं विचारलं, “आणखी काय होतंय तुम्हाला?” अख्खी बस वळून बघायला लागली. वन्सं विचार करून एकेक सांगत गेल्या आणि मी लिहीत गेले. आमचा स्टॉप मागे गेला तेही कळलं नाही.