गाडी धरणारी साखळी

मी एक जुनी साखळी आहे, मित्रांनो. गळ्यातली नव्हे आणि झोपाळ्याचीही नव्हे, मोटारसायकल बांधायची. माझी एकेक कडी अंगठ्याएवढी जाड आहे आणि गाडीच्या रंगाला ओरखडा पडू नये म्हणून वर कापडी खोळ आहे. माझ्या कड्या गोल नाहीत, चौकोनी धारेच्या आहेत, कारण गोल लोखंडावर चोराच्या कातरीचा जबडा चांगला बसतो आणि चौकोनीवर घसरतो. मी थोडी मिरवते आहे, हे मला ठाऊक आहे. पण जिचं कामच अडून बसणं आहे, तिने फार नम्र होऊन कसं चालेल?

माझा जन्म भट्टीतला. लालभडक तापवून मला तेलात बुडवलं तेव्हा मी अशी चरफडले की विचारू नका, पण त्या बुडीनेच माझं पोलाद टणक झालं. पुढे दुकानातल्या खिळ्यावर मी बरेच दिवस लटकून होते. लोक यायचे, मला उचलायचे, 'केवढी जड!' म्हणायचे आणि शेजारची बारीक तार घेऊन जायचे. त्या तारेला मी मनातल्या मनात खूप नावं ठेवली.

मग एक दिवस एक गवंडी आला. त्याची बायको सुईण. वस्त्यावस्त्यांत जाऊन बाळंतपणं करायची आणि सगळे तिला ताई म्हणायचे. ताईंची मोटारसायकल भरदिवसा दारातून चोरीला गेली होती. ती अशाच एका बारीक तारेने बांधलेली होती आणि मागे राहिली ती फक्त कापलेली तार. नवी गाडी मिळेपर्यंत ताई पायी फिरल्या. एका घरी तर बाळ आधी आलं आणि ताई नंतर पोचल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप होती, पण त्या दिवशी ताईंना जेवण गेलं नाही. 'मी वेळेवर नसेन तर माझा उपयोग काय?' असं त्या नवऱ्याला म्हणाल्या होत्या. ते वाक्य त्याच्या मनात घर करून बसलं होतं, म्हणून तो दुकानातली सगळ्यात जड साखळी शोधत आला.

घरी गेल्यावर गवंड्याच्या आईने मला हातात तोललं आणि म्हटलं, 'बैल गेला आणि झोपा केला.' म्हातारीची जीभ अशीच. पण मला ठेवायला दाराजवळ खुंटी तिनेच ठोकून घेतली.

माझे कामाचे दिवस मजेत गेले. माझ्या जोडीला एक जाडजूड कुलूप होतं. त्याला मी कुलूपराव म्हणायचे. दारासमोर रस्त्यावर एक लोखंडी खांब होता. ताई परत आल्या की गाडी खांबाला लावायच्या, मला पुढच्या चाकातून ओवायच्या आणि कुलूपराव 'खट्' म्हणायचे. त्या आवाजाने घरातला स्वयंपाकसुद्धा पुढे सरकायचा. गवंड्याचा एक नियम होता: साखळी जमिनीला टेकू द्यायची नाही. जमिनीवर पडलेल्या साखळीवर हातोडा नीट बसतो, हवेत लोंबणारीला फक्त झोके मिळतात.

समोरच्या गाळ्यातल्या मेकॅनिकचं मात्र समाधान नव्हतं. त्याला सगळे नटभाऊ म्हणत. तो ताईंना कितीदा तरी सांगायचा की, वहिनी, साखळी चाकातून घालू नका, गाडीच्या सांगाड्यातून घाला, चाक काय, पाना लावला की निघतं. ताई मान डोलवायच्या. पण सांगाड्यातून ओवायचं म्हणजे वाकायचं, हात काळे करायचे आणि त्या नेहमी घाईत. मलाही नटभाऊंचा रागच यायचा. मी असताना गाडी कोण नेणार?

पुढे रस्ता रुंद करणारे आले आणि तो खांब उपटून घेऊन गेले. आता मला धरायला काहीच उरलं नाही. नुसतं चाक बांधून काय होतं? दोघांनी गाडी उचलून टेम्पोत टाकली की मीही तिच्याबरोबर फुकटात फिरायला. गवंडी अस्वस्थ झाला. त्याने संध्याकाळी कामावरून आल्या आल्या दारापुढे खड्डा खणला, त्यात जाड लोखंडी कडं उभं केलं आणि भोवती सिमेंट ओतलं. हात आखडता न घेता नेहमीपेक्षा जास्तच ओतलं.

ओल्या सिमेंटवर एक दिवस काही ठेवू नका, असं तो गिऱ्हाइकांना रोज बजावतो. पण स्वतःच्या दारात त्याला धीर धरवेना. गाडी एक रात्रही मोकळी ठेवायची त्याची तयारी नव्हती. त्याने मला त्याच कड्यातून आणि चाकातून ओवलं, कुलूप लावलं आणि कुलूपराव ओल्यात बसू नयेत म्हणून त्यांच्याखाली वीट ठेवली. इथवर ठीक होतं. मग हात-पाय धुवायला जाताना त्याने मागे वळून पाहिलं. पुऱ्या झालेल्या कामावर वीट पडलेली कोणत्या गवंड्याला बघवेल? सवयीने त्याने वीट उचलली. कुलूपराव आपल्या वजनाने हळूच आत बसले. अंधार पडत होता. त्याला वाटलं, इथे उंचवटा राहिलाय. म्हणून त्याने वरून थापी फिरवली, अगदी प्रेमाने, गुळगुळीत. मला तोंड असतं तर मी आळी गोळा केली असती.

सकाळी चहाच्या आधीच फोन आला. खाणीपलीकडच्या वस्तीत एका मुलीला कळा सुरू झाल्या होत्या. तिचं पहिलंच बाळंतपण होतं आणि फोनवर तिचा नवरा धड बोलूही शकत नव्हता. ताईंनी त्याला शांतपणे पाणी तापवायला सांगितलं, पिशवी घेतली, किल्ली घेतली आणि त्या बाहेर आल्या.

'अहो,' त्या म्हणाल्या, 'कुलूप कुठंय?'

 गवंड्याने कपाळावर हात मारला. आई दारात आली, तिने तो गुळगुळीत चौथरा पाहिला आणि म्हणाली, 'अति तिथं माती ऐकलं होतं रे, सिमेंट आजच पाहिलं.'

गवंडी छिन्नी-हातोडा घेऊन बसला. वरचे टवके उडाले, पण किल्लीचं भोक सिमेंटने गच्च भरलं होतं. मग त्याने करवतीचं पातं मला लावलं. मित्रांनो, ज्या पोलादाचा मला एवढा गर्व, त्यावर पात्याचे दात झिजले आणि मला ओरखडाही आला नाही. ताई पिशवी छातीशी धरून उभ्या होत्या. त्या सारख्या रस्त्याकडे बघत होत्या. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदाच मला वाटलं, आपण तुटावं. मी मनापासून प्रयत्न केला. पण साखळीला स्वतःहून तुटता येत नाही.

हातोड्याच्या आवाजाने नटभाऊ चहाचा कप घेऊनच आले. त्यांनी एकदा खाली पाहिलं, एकदा चाकाकडे पाहिलं आणि विचारलं, 'वहिनी, अजून चाकालाच बांधता ना?' ताईंनी मान खाली घातली. 'बरं झालं,' नटभाऊ म्हणाले आणि कप म्हातारीच्या हातात देऊन गाळ्याकडे पळाले.

त्यांनी इंजिनाखाली लाकडी खोकं सरकवलं, पाना लावला आणि माझ्या देखत, चहा निवायच्या आत, पुढचं चाक बाहेर काढलं. त्याच मापाचं दुसरं, लाल कडेचं चाक बसवलं आणि ब्रेक तपासून गाडी ताईंच्या हाती दिली. गाडी निघून गेली आणि मी एका रिकाम्या चाकाला मिठी मारून बसले. इतकी फजिती आणि इतका आनंद मला एकाच वेळी कधी झाला नव्हता.

ताई दुपारी परतल्या. तोपर्यंत गवंड्याने चौथरा फोडून आम्हाला मोकळं केलं होतं आणि तो कुलूपरावांना तेलात घोळत होता. ताई पायरीवर बसल्या.

'मुलगी झाली,' त्या म्हणाल्या. 'नाळेचे दोन वेढे होते गळ्याभोवती. डोकं बाहेर आलं तेव्हाच सोडवले. मग अशी रडली म्हणता, खाणीतली माणसं काम सोडून बघायला आली.'

 गवंड्याने मला उचलून मांडीवर घेतलं आणि फडक्याने माझी एकेक कडी पुसत बसला. म्हातारीने त्या दिवशी नटभाऊंना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही.

मित्रांनो, तुमच्या दारातही माझी एखादी बहीण असेल. तिला सांगाड्यातून ओवा, जमिनीला टेकू देऊ नका, घट्ट रोवलेल्या वस्तूला बांधा आणि कुलपाला अधूनमधून तेल द्या. ती गाडीला जीव लावून धरेल. पण वेळेवर सोडणं हेही तिचंच काम आहे, तेही तिला करू द्या.

आमच्या घरी आता रोज संध्याकाळी गवंडी कुलूप लावतो, लगेच उघडतो आणि पुन्हा लावतो. एकदा लावून भागत नाही का, असं त्याच्या आईने परवा विचारलं.

'लागलंय की नाही ते चोर बघेल, आई,' तो म्हणाला. 'उघडतंय की नाही ते मी बघतो.'