त्या जागेचं नाव

गडमुडशिंगीच्या हंबीरराव आबांना सकाळपासून लघवी झाली नव्हती, आणि ही गोष्ट सून सोडून घरात सगळ्यांना माहीत होती. सून संयोगिता गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायची. पण सासऱ्याची 'तसली' तक्रार सुनेच्या कानावर जाऊ द्यायची नाही, ही त्या घराची रीत. माणूस तडफडला तरी बेहत्तर, रीत मोडता कामा नये.

भावकीनं मुतखडा ठरवून टाकला. मग सासूबाई झुंबरबाई नवऱ्याला तांब्यावर तांब्या कुळथाचं पाणी पाजत बसल्या.

संयोगिता शाळेतून आली तेव्हा आबा भिंतीला टेकून घामाघूम झाले होते. बेंबीखाली पोट टम्म फुगलेलं. तिनं लगेच ओळखलं. दोन वर्षं आबा तासातासाला परसात जायचे आणि ताटकळत उभे राहायचे, हे तिनं पाहिलं होतं आणि लाजेनं तीही गप्प बसली होती. तिला स्वतःचाच संताप आला. तिनं सासूच्या हातातला तांब्या काढून घेतला.

"पाणी बंद करा, आई. खडा न्हाय ह्यो. लघवी तुंबलीय."

"सासऱ्याच्या असल्या जागेचं नाव घेतीस व्हय? जनाची न्हाय, मनाची तरी ठेव."

"घेते की. मूत्राशय म्हणत्यात त्याला. त्याच्या तोंडाशी सुपारीएवढी प्रोस्टेट ग्रंथी असती, समद्या पुरुषांना असती. लघवीची नळी तिच्यातनंच जाती. वयानं ती वाढली की नळी आवळती. खाली वाट बंद हाय आणि तुम्ही वरनं ओततायसा."

तिचा नवरा विश्वजित उंबऱ्यात खाली मान घालून उभा होता. गाडी काढ, असं तिला दोनदा सांगावं लागलं.

दवाखान्यात नळी घातली आणि दीड लिटर लघवी बाहेर आली. आणखी उशीर झाला असता तर मूत्रपिंडं गेली असती, असं डॉक्टर म्हणाले. सुटकेनं आबा लहान पोरासारखे रडले.

चौथ्या दिवशी आबा नळीसकट घरी आले, तशी माणसं भेटायला आली. पोटात दुखत होतं, असं झुंबरबाई ज्याला त्याला सांगत होत्या. खाटेला लटकलेली लघवीची पिशवी त्यांनी चादरीनं झाकली होती. आबांनी ती चादर बाजूला सारली.

"खोटं कशाला सांगतीस? मूत तुंबलं हुतं. लाजंपायी मरत हुतो मी, आणि तुमी समदी हातभार लावत हुता. सूनबाई, खडू आण. पुरुषाच्या पोटात काय असतंय, दाव ह्यांस्नी."

दोघंतिघं उठून गेले. संयोगितानं काळ्या फरशीवर चित्र काढलं. दोन मूत्रपिंडं, त्यांतून उतरणाऱ्या नळ्या, मूत्राशय, खाली सुपारीएवढी प्रोस्टेट, आणि वृषणांकडून येऊन तिथंच मिळणाऱ्या वीर्याच्या नळ्या. प्रत्येक नाव तिनं मोठ्यानं घेतलं. शाळेत हाच धडा ती दरवर्षी 'घरी वाचून घ्या' म्हणून सोडून द्यायची. उद्या तो वर्गात शिकवायचा, हेडमास्तर काय म्हणायचं ते म्हणोत.

माणसं पांगली. आबांचे जुने सोबती आकाराम तेवढे मागं राहिले. त्यांचा हात बेंबीखाली होता.

"सूनबाई," ते हळूच म्हणाले, "ती सुपारी परत एकदा दाव की."