आमसुली बाही

ठाण्यात थंडी पडते ती बहुतेक वर्तमानपत्रात. डिसेंबरअखेरीस दोन-चार दिवस तलावपाळीवर फिरायला येणारी मंडळी कानटोप्या चढवतात, एकमेकांना ‘काय गारठा पडलाय हो’ म्हणतात आणि घरी येऊन पंख्याखाली बसून चहा पितात. अशा गावात सुमतीबाई कर्णिकांनी लोकरीचे स्वेटर विणण्यात उभा जन्म घालवला, हे ऐकून कोणीही हसेल. हसा बापडे. शाळांना गणवेशाचे स्वेटर लागतातच, मग पोरं त्यात घामाघूम का होईनात. बारशाला कुंची-मोजे लागतात. कोणाचा तरी मुलगा अमेरिकेला निघालेला असतो. सुमतीबाईंना कामाची ददात कधी पडली नाही.

त्यांचं विणकामाचं मशीन नौपाड्यातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घराच्या गॅलरीत होतं. टेबलाला जखडलेली एक लांब पट्टी, तिच्यात ओळीने बसवलेल्या सुया आणि त्यांच्यावरून हाताने इकडून तिकडे सरकवायची कॅरेज. कॅरेज एकदा सरकली की एक ओळ विणून होते. तिचा घर्र-घर्र आवाज खाली रस्त्यापर्यंत जायचा आणि बिल्डिंगमधले लोक रिक्षावाल्याला ‘ते मशीन वाजतंय ना, तिथे थांबव’ असं सांगायचे.

सुमतीबाईंचे यजमान बाळराव. वय बहात्तर झालं तरी नाव बाळ ते बाळच, आणि स्वभावही नावाला धरून. माणूस वाईट मुळीच नाही. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक मोगऱ्याची कुंडी आणली. सुमतीबाईंना वाटलं, बरं झालं, जिवाला विरंगुळा. एका कुंडीच्या दहा कधी झाल्या आणि दहाच्या तीस कधी झाल्या, देव जाणे. मशीनचं टेबल सरकत सरकत पार कोपऱ्यात गेलं. भांडण असं काही झालं नाही. टेबल सरकलं, एवढंच.

एका बाबतीत मात्र नवरा-बायकोचं छान जमलं होतं. ऑर्डर पुरी झाली की कोनावर, म्हणजे लोकर गुंडाळलेल्या पुठ्ठ्याच्या शंकूवर, थोडीफार लोकर उरते. ती सुमतीबाई टेबलाखालच्या टोपलीत टाकत, आणि टोपलीतलं सगळं बाळरावांचं. सुतळीने कोवळं खोड काचतं, लोकर मऊ. म्हणून त्यांची अख्खी बाग लोकरीने बांधलेली. गुलाबाला एका शाळेची निळी, जास्वंदीला दुसऱ्या शाळेची मरून. सुरुवातीला ते ‘घेऊ का गं?’ म्हणून विचारत. पुढे विचारणंही बंद झालं, कारण उत्तर ठरलेलं होतं.

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पहिल्या मजल्यावरच्या नयनताईंनी टूम काढली. पाडवा झाला की काश्मीरला जायचं, ट्यूलिप बघायला. फक्त बायका. सुमतीबाई विचार करायच्या आत ‘मी येणार’ म्हणून बसल्या आणि मग स्वतःच चकित झाल्या.

‘‘फुलंच बघायची तर आपल्या गॅलरीत काय कमी आहेत?’’ बाळराव म्हणाले. ‘‘आणि मी आलोही असतो गं, पण कुंड्यांना पाणी कोण घालणार?’’

‘‘तुम्हाला कोणी बोलावलेलंच नाहीये,’’ सुमतीबाई म्हणाल्या. ‘‘फक्त बायका आहेत.’’

बाळराव जरासे हिरमुसले. मग मोगऱ्याची छाटणी करायला निघून गेले.

त्या दुपारी सुमतीबाईंनी कपाट उघडून तळाशी उशीच्या जुन्या अभ्र्यात गुंडाळलेला लोकरीचा कोन काढला. रंग आमसुली, काळपट लाल, कोणत्याही शाळेला न चालणारा. स्टेशनजवळचं लोकरीचं जुनं दुकान बंद झालं तेव्हा शेवटच्या दिवशी फळीवर तो एकटाच उरला होता. कोणाचीही ऑर्डर नसताना त्यांनी घेतलेली ती पहिली लोकर. घेऊन वर्षं झाली. दर वर्षी वाटायचं, आता करू. तेवढ्यात कोणाचं तरी बाळंतपण निघायचं, नाहीतर कोणाचा तरी व्हिसा यायचा. यंदा मात्र त्यांनी मनाशी पक्कं केलं. श्रीनगरात उतरायचं ते स्वतःच्या स्वेटरमध्ये.

पाठ झाली, पुढचे दोन भाग झाले, एक बाही झाली. लोकर बेताचीच होती, म्हणून प्रत्येक भाग त्या स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघत होत्या. दुसरी बाही निघेल, पण मग टोपलीत टाकायला वीतभरही उरणार नाही, असा हिशेब होता. तेवढ्यात डोंबिवलीहून सुनेचा, वल्लरीचा फोन आला. नात सान्वी दहावीला, वल्लरीला ऑफिसातून रजा नाही, पोरगी घरी एकटी बसून रडते. सुमतीबाईंनी विणलेले भाग कपाटात ठेवले, उरलेला कोन मशीनच्या टेबलावर झाकून ठेवला आणि त्या डोंबिवलीला मुलाकडे गेल्या. सान्वीचा शेवटचा पेपर होईपर्यंत तिथेच राहिल्या.

परत आल्या तेव्हा पाडवा तोंडावर आला होता. दारात बाळराव उभे, चेहरा नुसता फुललेला.

‘‘पिशवी ठेव. डोळे मीट आणि चल.’’

‘‘अहो, पाणी तरी पिऊ द्या.’’

‘‘पाणी कुठे पळून जातंय? चल तू!’’

त्यांनी हाताला धरून बायकोला गॅलरीत नेलं. सुमतीबाईंनी डोळे उघडले. गॅलरीच्या ग्रिलवर खालपासून वरपर्यंत काकडीचा वेल चढला होता. हिरवागार, पानापानाआड पिवळी फुलं, मधूनच करंगळीएवढ्या लवदार काकड्या. गेली तीन वर्षं बाळराव काकडी लावत होते आणि गेली तीन वर्षं कबुतरं रोपं खुडून खात होती. यंदा वेल छताला टेकला होता. आणि त्याच्या मागे, या गजापासून त्या गजापर्यंत, चौकटी-चौकटींचं देखणं जाळं होतं. आमसुली रंगाचं.

‘‘सुतळी संपली होती,’’ बाळराव कौतुकाने सांगत होते. ‘‘टोपलीत बघितलं तर नुसते तुकडे. मग टेबलावर हा उरलेला कोन दिसला. चार पदर एकत्र वळले, म्हणजे वजन पेलतं. एकही गाठ ढिली नाही बघ. तुझ्यासोबत राहून मीही विणायला शिकलो की नाही?’’

रिकामा कोन त्यांनी कबुतरांना बुजवायला कुंडीत उलटा खोचून ठेवला होता.

 सुमतीबाईंना राग आला होता, आणि तो असा की आधी कुठून सुरुवात करावी तेच कळेना. बाळरावांना एवढं कळलं की काहीतरी बिनसलंय.

‘‘काय झालं? कोणाची ऑर्डर होती का ती?’’

‘‘होती.’’

‘‘अरे देवा! कोणाची?’’

‘‘माझी.’’

‘‘तुझीच गं, पण कोणासाठी?’’

सुमतीबाई आत गेल्या, कपाटातून पाठ, पुढचे भाग आणि ती एक बाही आणून त्यांच्यापुढे धरली. बाळराव बघत राहिले. मग त्यांनी जाळ्याकडे बघितलं, पुन्हा बाहीकडे बघितलं आणि खुर्चीवर बसले.

पण हातपाय गाळून बसणारा गडी नव्हता तो. दुसऱ्या दिवशी सकाळीच लोकरीचं टोक कागदात गुंडाळून ते रिक्षाने निघाले. नौपाडा पालथा घातला, पुलापलीकडे कोपरीत जाऊन आले, आणि दुपारी तीन कोन घेऊन घरी आले. एक वांगी रंगाचा निघाला, एक विटकरी, आणि तिसरा दुकानात म्हणे अगदी हुबेहूब दिसत होता. गॅलरीच्या उजेडात तो चॉकलेटी दिसला.

‘‘एक बाही वेगळी असली तर हल्ली फॅशन म्हणतात,’’ बाळराव चाचरत म्हणाले.

‘‘मग तुम्हाला विणून देते तसा.’’

थोड्या वेळाने मुलाचा, अपूर्वचा फोन आला. वडिलांनी त्याच्याकडे गाऱ्हाणं पोचवलं असणार. ‘‘आई, एवढं काय टेन्शन घेतेस? मी आत्ता मोबाइलवरून जॅकेट मागवतो, परवा घरी येईल. एकदम गरम, वजनाला हलकं.’’

‘‘तू मागव आणि तूच घाल,’’ सुमतीबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी लेकाचा फोन असा ठेवला. नंतर त्यांना जरा वाईट वाटलं, पण जरासंच.

बाळरावांच्या डोक्यात मात्र तोवर एक नामी विचार आला होता. ‘‘अगं, पण मी म्हणतो, आपण एवढे घाबरतोय कशाला? आपल्या घरात स्वेटरांना काय तोटा? तुझाच एखादा जुना काढू, धुऊन इस्त्री करू, नवा दिसेल!’’ असं म्हणत त्यांनी स्टूल लावलं आणि माळ्यावरची मोठी बॅग खाली काढली.

सुमतीबाई दाराला टेकून उभ्या राहिल्या. काढू देत, त्यांनी मनात म्हटलं.

बाळराव एकेक स्वेटर पलंगावर ठेवत गेले. त्यांचा स्वतःचा राखाडी. त्यांचा बिनबाह्यांचा, बँकेत घालायचा. त्यांचा व्ही गळ्याचा. अपूर्वचे, पहिलीपासून कॉलेजपर्यंत, चढत्या मापाचे. सान्वीची कुंची, सान्वीचा सशाचा. त्यांच्या आईचा पुढे बटणांचा. धाकट्या भावाचा, त्याने न नेलेला. पलंग भरत गेला. बाळराव प्रत्येक स्वेटर उचलताना ‘हा बघ’ म्हणत होते आणि उलगडल्यावर गप्प होत होते.

‘‘तुझा कुठला यात?’’

‘‘नाहीये.’’

‘‘नाही कसा? नैनितालला गेलेलो तेव्हा? बर्फ होता तिथे!’’

‘‘तेव्हा मी तुमच्या आईंची शाल घेतली होती.’’

‘‘मग महाबळेश्वरला?’’

‘‘तेव्हाही तीच.’’

बाळरावांनी बॅग उलटी करून झटकली. डांबरगोळ्यांचा चुरा पडला, दुसरं काही नाही. त्यांनी बॅगेचे कप्पेसुद्धा उघडून बघितले, जणू कप्प्यात स्वेटर मावणार होता. मग ते स्वेटरांच्या ढिगाशेजारी पलंगाच्या कडेवर टेकले. सगळ्या गावाला पुरून उरेल एवढी लोकर या घरातून गेली आणि ती विणणारीच्या अंगावर कधी काही नव्हतं, हे त्यांच्या आज ध्यानात आलं. सुमतीबाईंना त्यांची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं, पण नाही आली.

मग ते उठले आणि कात्री घेऊन गॅलरीत गेले. सुमतीबाई मागोमाग गेल्या.

‘‘लोकर कापायची नाही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुकड्यांची बाही होत नाही. गाठी सोडवाव्या लागतील.’’

‘‘वेलाचे ताणे घट्ट वेटोळे घालून बसलेत गं तिला. गाठीपर्यंत बोटच जात नाही. मग वेल कापावा लागेल.’’

‘‘हो.’’

बाळरावांनी एकदा बायकोकडे बघितलं. मग स्टुलावर चढून वरच्या टोकापासून सुरुवात केली. एकेक ताणा कात्रीने तोडायचा, गाठ नखाने उकलायची, चार पदरांचा पीळ सोडवायचा, टोक खाली सोडायचं. खाली सुमतीबाई पदर वेगळे करून गुंडा करत होत्या. उन्हाने लोकर थोडी विटली होती. दुसरी बाही पहिलीपेक्षा एक छटा फिकी होणार, हे त्यांना दिसत होतं. चालेल, त्यांनी ठरवलं. आपल्याच लोकरीची असेल.

आधार सुटला तसा वेल आपल्याच वजनाने खाली कलंडू लागला. फुलं गळून मशीनच्या टेबलावर पडली. एक काकडी देठाशी मोडली, ती बाळरावांनी खिशात ठेवली. निम्मं जाळं सुटलं आणि उरलेल्या निम्म्यावर अजून वेल टवटवीत उभा होता, त्यावर दोन-तीन भुंगेसुद्धा होते. तिथे बाळराव थांबले. कात्री हातातच होती. त्यांनी घाम पुसला, वेलाकडे बघितलं आणि मग बायकोकडे बघत नुसते उभे राहिले.

ते कशाची वाट बघताहेत ते सुमतीबाईंना लख्ख कळलं. इतक्या वर्षांत अशा प्रत्येक वेळी त्या ‘राहू दे हो’ म्हणत आल्या होत्या. आताही ते शब्द अगदी ओठांवर आले. तोंडातून बाहेर पडले असते तर दोघांनाही सुटल्यासारखं वाटलं असतं, चहा झाला असता, काकडीची कोशिंबीर झाली असती.

त्या आत गेल्या आणि गुंडा काट्यावर ठेवून बघून आल्या.

‘‘अजून लागेल,’’ त्या म्हणाल्या.

बाळरावांनी मान हलवली. खाली उतरून स्टूल दुसऱ्या टोकाला नेलं आणि पुन्हा चढले. स्टूल डुगडुगत होतं, म्हणून सुमतीबाईंनी ते एका हाताने घट्ट धरलं आणि दुसरा हात वरून येणाऱ्या लोकरीसाठी पुढे केला.