सूचीनाथांचं तीर्थ

पार्से गावच्या देवळासमोर त्या सकाळी एवढी गर्दी होती की, ज्यांना काहीच दुखत नव्हतं त्यांचेही रांगेत उभं राहून पाय दुखायला लागले. गोवा नुकतंच राज्य झालं होतं. विकास यायचा होता; सूचीनाथ महाराज आधी पोचले.

"ही सूर्याची सुई, ही चंद्राची. चीनच्या राजानं आमच्या गुरूंकडून ॲक्युपंक्चर शिकून नेलं. मी टोचतो, नाथ दुखणं ओढतात." बोलता बोलता महाराज प्रत्येक सुई कुपीतल्या तीर्थात बुडवत आणि तिची रुपेरी मूठ हलकेच दाबून सोडत.

दादू पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा. त्याचा उजवा खांदा आखडला होता, आणि पाडेल्याचा खांदा गेला की चूलही गेली. महाराजांनी खांद्यापासून मनगटापर्यंत सुया खोवल्या. घटकाभरानं त्या काढल्या, तसा दादू हसायला लागला.

"दुखना नाय गे," तो बायकोला म्हणाला. चंद्रावतीनं हात जोडले ते सोडीचना.

"मग चढ त्या माडावर. जगाला दिसू दे," महाराज म्हणाले.

दादूनं पायांत दोरीचा फेरा घालून उजवा हात खोडाला लावला. खोडावर हुमल्यांची, त्या तांबड्या मुंग्यांची, रांग लागलेली. त्या हातावर चढून कडाकडा चावल्या. दादू हसतोच आहे.

"मुंगीसुद्धा हरली," महाराज म्हणाले. जयजयकार झाला.

रांगेत आरोग्य केंद्रातल्या दातांच्या डॉक्टर योगिता होत्या. दिवसभर वाकून त्यांचीही मान धरली होती. त्या पुढे झाल्या, एक हुमला चिमटीत पकडून दादूच्या डाव्या हातावर सोडला. दादू असा बोंबलला की देवळावरचे पारवे उडाले.

चंद्रावतीचे जोडलेले हात सुटले. "हुमले चावतत तां कळना नाय, तर माडार हात सुटलो तां कसां कळतलां?" तिनं दोरी ओढून घेतली.

"महाराज," योगिता म्हणाल्या, "तीर्थ आधी तुम्ही घ्या."

"आज माझा उपास."

"तीर्थान उपास मोडना नाय," चंद्रावती म्हणाली. सगळ्यांनी मान डोलावली. भर देवळासमोर तीर्थाला नाही म्हणणार कोण? महाराजांनी तळहातावर घेऊन चाटलं. थोड्याच वेळात ते 'भक्तजनहो' म्हणायला गेले, ते 'भत्तदनहो' झालं. पोरं हसून लोळली.

योगितांनी सुईची मूठ दाबली. टोकातून थेंब गळला. "सुई पोकळ, मुठीत रबराचा फुगा. तीर्थ म्हणजे बधिर करायचं औषध. दाढ काढताना मी हेच टोचते. ॲक्युपंक्चरची खरी सुई भरीव, केसासारखी, प्रत्येकाला नवी. शिकलेल्या हातानं टोचली तर आखडलेला स्नायू थोडा सैल पडेलही. हात मेल्यागत होत नाही."

"मगे माझो खांदो?"

"औषध उतरलं की दुखेल. केंद्रात ये. शेक, व्यायाम आणि तोवर माड बंद."

दादूचं तोंड उतरलं. चंद्रावतीचं उजळलं, नवरा जमिनीवर होता. महाराज मात्र या गडबडीत कुपी टाकून निघून गेले होते.

मंडळी, कुणावरही विश्वास ठेवा, पण प्रश्न विचारून. दुखणं पळवलं म्हणणाऱ्याला एवढंच विचारा: ते पळून गेलं कुठे?