पातेल्यातली पाहुणी

सकाळी डोळे उघडले की लिब्राडा आधी देवाचं नाव घेत नसे, आधी मूठ वळून बघे. पांघरुणातून उजवा हात बाहेर काढायचा, बोटं मिटायची, आणि किती मिटली ते शेजारी पडलेल्या अमादेओने सांगायचं. "दोन," तो म्हणायचा. बरा दिवस असला तर "अडीच." जुलै लागला तेव्हा एकही मिटेना. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण हिची मूठ झाकायलाच तयार नव्हती.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी आमवात सांगितला. म्हातारपणी गुडघे कुरकुरतात तो वात नव्हे, शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं तो. आठवड्यातून एकदा, मंगळवारी, सहा पिवळ्या गोळ्या घ्यायच्या. "गुण यायला दोन महिने तरी लागतील, धीर धरा," बाई म्हणाल्या. खाण्यापिण्याचं विचारलं तर म्हणाल्या, "एखाद्याला एखादा पदार्थ बाधतो, दुसऱ्याला नाही बाधत. वाटलं तर वही ठेवा. पण गोळ्या मात्र सोडू नका."

धीर धरणं लिब्राडाच्या घराण्यातच नव्हतं. तिची थोरली बहीण ओतिला तर त्या बाबतीत पहिल्या नंबरची. उचलली जीभ लावली टाळ्याला! गोळ्यांचा पहिला आठवडा सरतो न सरतो तोच ती एक यादी घेऊन स्वयंपाकघरात उभी राहिली.

"वांगी, बटाटे, टोमॅटो," तिने वाचलं, "आणि मिरची. चारही एकाच कुळातली आणि चारही विषारी. माझ्या मैत्रिणीच्या नणंदेने सोडली, आता ती नाचते."

"आधी नाचत नव्हती?" अमादेओने विचारलं.

"भावोजी, तुम्ही गप्प बसा. बायकोचे हात बघा जरा."

आता न्यू मेक्सिकोतल्या त्या नदीकाठच्या गावात वांगं सोड म्हटलं तर कोणी मागे वळूनही बघणार नाही. बटाटा सोडतील, टोमॅटो रडतखडत सोडतील. पण मिरची? तिथे खानावळीत बसलात की पाणी यायच्या आधी प्रश्न येतो, "लाल की हिरवी?" दोन्ही हव्या असतील तर नुसतं "नाताळ" म्हणायचं, ताटात अर्धी लाल आमटी, अर्धी हिरवी. बाळाचं नाव ठेवताना घरात भांडण होत नाही इतकं या दोन रंगांवरून होतं. आणि त्या गावात लिब्राडाच्या लाल मिरचीच्या वर कोणाची मिरची नव्हती. दर शरद ऋतूत ती स्वतःच्या हातांनी मिरच्यांची माणूसभर लांब माळ ओवून दारात टांगायची, आणि येणारा-जाणारा आधी माळेला रामराम करायचा, मग तिला.

पण दुखणं वाईट. लिब्राडाने माळेकडे एकदा बघितलं, आपल्या बोटांकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "सोडली."

स्वयंपाक अमादेओकडे आला. हा माणूस चाळीस वर्षं गावचा पाटकरी. कोणाच्या शेताला किती तास पाणी सोडायचं ते त्याला झोपेतही सांगता येई, पण घेवड्यात मीठ किती घालायचं ते जागेपणीही कळत नसे. वहीही त्याच्याकडेच आली, कारण लिब्राडाच्या बोटांत पेन राहीना. पाटाच्या पाळ्या लिहायची जुनी वही त्याने काढली आणि उरलेल्या पानांवर लिहायला घेतलं: "सोमवार. घेवडा. मिरची नाही. एक बोट. हवा कोरडी."

तो घेवडा! देवा रे. लिब्राडाने एक घास घेतला, दुसरा ताटाच्या कडेला सारला.

"हे जेवण आहे की शिक्षा?"

"यादीप्रमाणे केलंय."

"यादीच शिजवायची होतीस. जरा चव तरी आली असती."

ती हसत म्हणाली, पण ताट तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशीही तसंच. आठवड्यात तिच्या गालाची हाडं दिसायला लागली. मिरचीवाचून माणूस मरत नाही हे अमादेओला ठाऊक होतं, पण जेवल्यावाचून मरतो.

त्याला आई आठवली. आई म्हणायची, घेवड्याला एकट्याला शिजवू नये, बिचारा कंटाळतो. सोबतीला एक लाल मिरची सोडावी, पाहुणी म्हणून. देठ काढून, बिया झटकून, अख्खी. आणि पानं वाढायच्या आधी पाहुणीला निरोप द्यावा. तिखटाचा पत्ता लागत नाही, नुसता वास राहतो.

त्या दिवशी लिब्राडा अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. अमादेओने दारातल्या माळेच्या मागच्या बाजूने एक मिरची हळूच तोडली आणि पातेल्यात सोडली. तासाभराने चिमट्याने बाहेर काढली. बिचारी फिकी पडली होती.

जेवताना लिब्राडा पहिल्या घासाला थांबली. तिने डोळे मिटून वास घेतला.

"अमादेओ," ती म्हणाली, "तुला स्वयंपाक यायला लागला की रे!"

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्याने पहिल्यांदा ऐकलं. ती दोन वाडगे जेवली. वाडगा टॉर्टियाच्या भाकरीने पुसून घेतला. सांगायचं होतं हो त्याला, अगदी जिभेवर आलं होतं! पण कौतुक ही चीज अशी, की एकदा चाखली की तीही सुटत नाही. वहीत त्याने लिहिलं, "घेवडा. मिरची खाल्ली नाही." यात खोटं काय होतं? खाल्ली नव्हतीच. मिरचीने नुसती आंघोळ केली होती.

मग दर दोन दिवसांनी पाहुणी येऊ लागली. ताकाला जाऊन भांडं लपवायचं तर नीट लपवावं, म्हणून तो वापरलेल्या मिरच्या गोठ्यातल्या कॉफीच्या डब्यात ठेवायचा. फेकता येत होत्या, पण लिब्राडाच्या हातची मिरची उकिरड्यावर टाकायला त्याचा हात धजेना.

ऑगस्टमध्ये मुठीत तीन बोटं आली. मग साडेतीन. लिब्राडा गावभर सांगत सुटली, "मिरची सोडली आणि बघा! आणि आमच्या अमादेओच्या हातचा बिनमिरचीचा घेवडा खाऊन बघा एकदा." बायका घेवड्याची कृती विचारायला आल्या की अमादेओ मागच्या दाराने पाटावर पळायचा. पाटावर आता नवा पाटकरी होता, त्याला वाटे म्हातारा आपल्यावर नजर ठेवायला येतो.

शेवटी शनिवारी तो चर्चमध्ये पापाची कबुली द्यायला गेला.

"फादर, मी बायकोला फसवतोय."

जाळीपलीकडे खुर्ची करकरली. "कधीपासून?"

"जुलैपासून. तिला वर्ज्य आहे आणि मी तिच्या घेवड्यात चोरून मिरची घालतोय."

फादर बोनिफासिओंनी जाळीजवळ तोंड आणून हळूच विचारलं, "लाल की हिरवी?"

"लाल, फादर. अख्खी."

"हं. आणि ती बरी होतेय?"

"होतेय ना! तीच तर पंचाईत आहे."

"मग कोणाचं नुकसान होत नाही तोवर माझं काही म्हणणं नाही," फादर म्हणाले. "नुकसान व्हायची वेळ आली तर मात्र त्याच क्षणी सांगायचं. हेच तुझं प्रायश्चित्त."

ती वेळ सप्टेंबरात आली, मंगळवारी सकाळी. बाहेर गावभर हिरव्या मिरच्या भाजायची पिंपं फिरत होती आणि तो खरपूस धूर खिडकीच्या फटींतून आत शिरत होता. लिब्राडाने पांघरुणातून हात काढला आणि मूठ वळली. पाचही बोटं. अमादेओने दोनदा मोजली. तिने त्याला मिठी मारली आणि दोघं वेड्यासारखी हसत राहिली.

न्याहारीला ओतिला हजर. लिब्राडाने तिच्यासमोर मूठ उघडून मिटून दाखवली आणि फडताळातून पिवळ्या गोळ्यांची बाटली काढली.

"आता या कशाला? मळमळ होते, केस गळतात. पथ्यानेच बरी झाले मी. सुंठीवाचून खोकला गेला! आज मंगळवार ना? आजपासून बंद." आणि तिने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

"मी काय म्हणत होते?" ओतिलाची मान ताठ झाली. "आता पुढे गहू सोडू. मग दूध."

अमादेओच्या डोळ्यांपुढे जुलैतले ते हात आले. टॉर्टिया धरता येत नव्हती म्हणून रडणारी लिब्राडा आली. गोळ्या सुटल्या तर ते दिवस परत येणार, एवढं त्या अडाण्या पाटकऱ्यालाही कळत होतं.

"थांब," तो म्हणाला. "टाकू नकोस. मिरची होती."

"कुठे होती?"

"घेवड्यात. जुलैपासून."

तो गोठ्यात गेला, कॉफीचा डबा आणला आणि टेबलावर उपडा केला. एकतीस मिरच्या, सगळ्या फिक्या, सुरकुतलेल्या, तरी ओळखू येणाऱ्या. ओतिलाने छातीवर क्रूस काढला.

लिब्राडाने एक मिरची उचलून उजेडात धरली. मग ती उठली, दारात गेली, माळ फिरवून तिने मागची बाजू बघितली. पुढून भरगच्च आणि मागून साफ टक्कल.

"माझी माळ!" ती किंचाळली. "चोरा, घरातच दरोडा घातलास? आणि वर कौतुक घेतलंस माझ्याकडून? मला वास येत होता मेल्या, रोज येत होता! वाटलं, आपलंच नाक जुन्या आठवणी काढतंय."

"तू जेवत नव्हतीस गं," अमादेओ म्हणाला. "मला भीती वाटली."

"आंघोळ केलेली मिरची मोजायची नसते," ओतिला मध्येच पचकली. "ती खाण्यात धरत नाहीत."

"ओतिला," लिब्राडा म्हणाली, "तू घरी जा."

ओतिला गेली. जाताना यादी टेबलावरच विसरली.

लिब्राडा खुर्चीत बसली. एका हातात गोळ्यांची बाटली, दुसऱ्यात फिकी मिरची. ती दोन्हींकडे आळीपाळीने बघत राहिली, आणि मग तिचे डोळे भरून आले. अमादेओला वाटलं, माळेसाठी रडतेय.

"नवी ओवू आपण. मी ओवतो."

"माळेचं नाही रे," ती म्हणाली. "या दुखण्याचं कारण मिरचीच असायला हवी होती. मिरची असती तर सोडली असती मी जन्मभरासाठी. रडले असते, पण सोडली असती. मग संपलं असतं सगळं." तिने बाटली हलवली, गोळ्या खुळखुळल्या. "आता काय सोडू? हे दुखणं कुठल्या पातेल्यातून बाहेर काढू?"

अमादेओने पेलाभर पाणी आणून तिच्यासमोर ठेवलं आणि शेजारी बसून राहिला. खिडकीतून भाजलेल्या मिरचीचा धूर आत येत राहिला.

लिब्राडाने नाक पुसलं. एकेक करून सहाही पिवळ्या गोळ्या गिळल्या. तोंड वाकडं केलं. मग म्हणाली, "रात्रीच्या जेवणाला काय आहे?"

"घेवडा आणि एन्चिलाडा. पण तुझ्या एन्चिलाडावर..." तो घुटमळला आणि मग धीर करून त्याने विचारलं, "लाल की हिरवी?"

"नाताळ," लिब्राडा म्हणाली. "पूर्ण वाडगा. आंघोळ केलेली नको, चांगली वाटलेली. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे."

त्या रात्री ती जेवली ती बघण्यासारखी जेवली. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, कपाळावर घाम, आणि तोंडाने "अजून वाढ." अमादेओ मात्र वाढता वाढता तिच्या बोटांकडे बघत होता. चोराच्या मनात चांदणं! उद्या सकाळी बोटं ताठली तर?

बुधवारी त्याला तिच्या आधी जाग आली. तो तिच्या हाताकडे बघत पडून राहिला. लिब्राडाने डोळे उघडले, पांघरुणातून हात काढला आणि बोटं वळली. एक. दोन. तीन. चार. अंगठा जरा रेंगाळला आणि मग तोही येऊन वर बसला. एका दिवसावरून काही ठरत नाही, डॉक्टरीणबाई हेच म्हणतील, आणि लिब्राडालाही ते कळत होतं. पण मूठ मिटली होती.

ती मूठ तशीच उचलून तिने अमादेओच्या नाकासमोर आणली.

"बघितलीस? नीट बघ. पुन्हा माझ्या माळेला हात लावलास तर हीच बसेल."

"बसू दे ना," अमादेओ म्हणाला. "बसूच दे एकदा."

तिने ती मूठ हळूच त्याच्या गालावर टेकवली आणि थोडा वेळ तिथेच ठेवली. मग उठून तिने त्याची पाटाची वही उघडली, पेन स्वतःच्या बोटांत धरलं आणि वाकड्यातिकड्या अक्षरांत कालची नोंद लिहिली: "मंगळवार. गोळ्या घेतल्या. मिरची होती. घेवडा बरा, पण अमादेओला स्वयंपाक येत नाही."